बाबांच्या लकव्यावर नवं इंजेक्शन: भावाला नाही कसं म्हणू?

पत्र थोडक्यात असं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय एक्केचाळीस, शाळेत शिक्षिका. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. पाच महिन्यांपूर्वी रात्री जेवताना त्यांच्या हातातला घास खाली पडला, जीभ जड झाली. शेजारी म्हणाले, "अंगावरनं वारं गेलंय, तेल चोळा, सकाळपर्यंत उतरंल." सकाळी कोल्हापूरला नेलं, तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी असल्याचं कळलं आणि गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेल्याचंही. आता वडील काठी घेऊन चालतात, पण उजव्या हाताची मूठ उघडत नाही आणि बोलताना शब्द अडतात.

पुण्यात कंपनीत असलेल्या धाकट्या भावाने मायक्रोआरएनएबद्दल, म्हणजे पेशींत जनुकांचं काम आवरणाऱ्या अगदी छोट्या रेणूंबद्दल, खूप वाचलं आहे. त्याला दोन गोष्टी करायच्या आहेत. आई आणि भावंडं, सगळ्यांची मायक्रोआरएनएची रक्ततपासणी करून पुढे कुणाला लकवा होईल ते आधीच बघायचं. आणि वडिलांना एका सेंटरमध्ये मायक्रोआरएनए असलेल्या 'एक्सोसोम'चं (पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुड्यांचं) इंजेक्शन द्यायचं. खर्च काही लाखांत आहे, त्यासाठी आईची एफडी मोडायची. ताईंनी शंका काढली तर भाऊ फोनवर म्हणाला, "तुला बाबांपेक्षा पैसा मोठा वाटतो." ताई विचारतात: नाही म्हणू तर वडिलांच्या उपचाराच्या आड मी आले असं होईल, हो म्हणू तर मन मानत नाही. आणि ही टेस्ट त्या रात्री आपल्याकडे असती, तर बाबा आज धडधाकट असते का?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. टेस्टचा आणि इंजेक्शनचा निर्णय या एका प्रश्नाखाली दबून गेलाय, असं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं.

त्या रात्री ती टेस्ट असती तरी फरक पडला नसता. मायक्रोआरएनए मोजायचा म्हणजे रक्तातून आरएनए वेगळा काढायचा, त्याच्यापासून डीएनएची प्रत तयार करायची आणि मग पीसीआर यंत्रात तो किती आहे ते बघायचं. नीट केलं तर यात काही तास जातात. शिवाय टेस्टसाठी माणूस आधी दवाखान्यात पोचायला हवा, आणि पोचलेल्या माणसाचं सीटी स्कॅन काही मिनिटांत होतं. लकव्याच्या रुग्णाबाबत डॉक्टरांना पहिल्यांदा एवढंच बघायचं असतं की मेंदूत रक्तस्राव झालाय की नाही. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्रावात दिलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून स्कॅनशिवाय कुणी ते देत नाही. ही तपासणी आपल्या भागात वर्षानुवर्षं आहे. त्या रात्री कमी पडली ती एकच गोष्ट: हे तातडीचं आहे, आत्ता गाडी काढायला हवी, हे घरात कुणालाच कळलं नाही.

आणि ते न कळण्यात तुमचा गुन्हा नाही. छातीत कळ आली की माणूस ओरडतो, घर जागं होतं. लकव्यात बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. डाव्या मेंदूला मार बसला की अनेकदा माणसाची भाषाच जाते, त्याला काय होतंय ते सांगताही येत नाही. त्यात मोठी, जाणती माणसं "सकाळपर्यंत थांबा" म्हणतात. तुम्ही थांबलात, तसे शेकडो लोक थांबतात.

आणखी एक आकडा तुमच्यासाठी मुद्दाम देते, कारण तो हलकं करणारा आहे. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची पहिली मोठी यशस्वी चाचणी अमेरिकेत झाली, १९९५ साली तिचे निष्कर्ष आले. तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्या शंभरांपैकी सुमारे ३९ जण तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झाले होते. ज्यांना ते मिळालं नाही, त्या शंभरांपैकी २६. हा फरक मोठा आहे, त्यासाठी जिवाच्या आकांतानं धावायलाच हवं. पण याचा अर्थ असाही होतो की वेळेत पोचलेल्या कितीतरी जणांना अपंगत्व राहिलं. "वेळेत गेलो असतो तर बाबा शंभर टक्के बरे झाले असते" हे तुम्ही स्वतःला सांगताय, ते खरं असेलच असं नाही.

आता मायक्रोआरएनएकडे येऊ. तुमच्या भावाने जे वाचलंय ते थोतांड नाही, हे आधी सांगते. त्याच्याशी बोलताना तुम्हीही इथूनच सुरुवात करा.

१९९३ मध्ये व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन या दोन शास्त्रज्ञांच्या गटांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीमध्ये एक अगदी आखूड आरएनए कसा काम करतो ते दाखवलं. त्यातून कुठलंच प्रथिन तयार होत नव्हतं, तरीही तो दुसऱ्या जनुकाचं काम थांबवत होता. माणसात असे दोन हजारांहून जास्त मायक्रोआरएनए नोंदले गेलेत, प्रत्येक साधारण २२ अक्षरांचा. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना याच शोधासाठी मिळालं. काम समजून घ्यायचं तर असं: जनुकाकडून प्रथिन बनवण्याची चिठ्ठी निघते, आणि मायक्रोआरएनए त्या चिठ्ठीला चिकटून ती वाचू देत नाही किंवा फाडून टाकतो. एकच मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या चिठ्ठ्यांना चिकटू शकतो. हे वाक्य लक्षात ठेवा, इंजेक्शनच्या वेळी लागेल.

लकव्याशी याचा संबंध कसा येतो? मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त तुटलं की तिथल्या पेशी उपाशी पडतात, फुटतात, आणि त्यांच्यातले मायक्रोआरएनए रक्तात उतरतात. मिर-१२४ ('मिर' म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा क्रमांक) मुख्यतः मेंदूच्या पेशींत असतो, म्हणून तो रक्तात वाढलेला दिसला की मेंदूला इजा झाल्याचा संशय येतो. ऑक्सिजन कमी पडला की मिर-२१० वाढतो. मिर-१२६ रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचा, तर मिर-२२३ प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींचा. रक्तात मोकळा आरएनए क्षणात नष्ट होतो, पण हे छोटे रेणू प्रथिनांना चिकटून किंवा सूक्ष्म पुड्यांत बसून टिकून राहतात, म्हणून ते मोजता येतात. एखाद्या दिवशी रुग्णवाहिकेतच बोटाच्या थेंबावरून गुठळीचा लकवा ओळखता येईल, ही आशा यातूनच आली. मला ही आशा खोटी वाटत नाही. आजऱ्याहून किंवा राधानगरीहून निघालेल्या रुग्णासाठी अशी टेस्ट किती मोलाची ठरेल ते वेगळं सांगायला नको.

मग आज ती दवाखान्यात का नाही? कारणं तपशिलात आहेत, आणि तुमचा भाऊ वाचणारा आहे म्हणून तपशीलच सांगते.

परिचारिका रक्त काढते ती वेळ डोळ्यांपुढे आणा. सुई बारीक आहे, शीर सापडत नाही, पिचकारी जोरात ओढली जाते. किंवा नळी गाडीत हिसके खात जाते, दुपारच्या उन्हात राहते. तांबड्या पेशी फुटतात आणि वरचा पिवळा द्रव गुलाबी दिसायला लागतो. तांबड्या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. ते सगळे त्या द्रवात सांडतात. मग रिपोर्टमध्ये दिसणारी वाढ मेंदूतून आलेली की नळीत झालेली, ते सांगता येत नाही. रुग्णाला हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिलं असेल तर ते पीसीआरमध्येच अडथळा आणतं. मोजायचं कशाच्या तुलनेत, यावरही प्रयोगशाळांचं एकमत नाही. त्यामुळे एका अभ्यासात वाढलेला दिसणारा मायक्रोआरएनए दुसऱ्या अभ्यासात कमी झालेला दिसतो.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. बरेच अभ्यास लहान आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत लकव्याच्या रुग्णांची तुलना ठणठणीत माणसांशी केली आहे. पण रात्री अकरा वाजता तोंड वाकडं झालेला माणूस समोर येतो, तेव्हा डॉक्टरांना तो ठणठणीत आहे का, असा प्रश्न पडलेला नसतो. गुठळी, रक्तस्राव, फिट येऊन गेल्यानंतरची अशक्तता, उतरलेली साखर, यांतलं नक्की काय, ते त्यांना हवं असतं. तिथे वेगळेपणा दाखवणारी आणि मोठ्या संख्येनं रुग्णांवर ताडून पाहिलेली मायक्रोआरएनए टेस्ट अजून नाही. लकव्याच्या उपचारांची कुठलीही प्रमुख मार्गदर्शक तत्त्वं आज ती करायला सांगत नाहीत. रक्तचाचण्यांतलीच म्हणाल तर जीएफएपी नावाचं एक प्रथिन, जे मेंदूतल्या रक्तस्रावात लवकर वाढतं, ते प्रत्यक्ष वापराच्या जास्त जवळ आलंय.

तुमच्या घरातल्या सगळ्यांच्या तपासणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. कुठलीही टेस्ट करायच्या आधी स्वतःला विचारायचं की उत्तर आल्यावर मी काय वेगळं करणार. समजा रिपोर्टमध्ये 'धोका जास्त' आलं, तर काय कराल? बीपी, साखर बघाल, तंबाखू सोडाल, चालायला लागाल. 'धोका कमी' आलं तर यांतलं काही टाळता येईल का? नाही. उलट 'कमी' वाचून धाकट्यानं बीपीची गोळी सोडली तर नुकसानच. अनेक देशांत मिळून झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात असं दिसलं की लकव्याच्या एकूण धोक्यापैकी सुमारे ९० टक्के भार दहाच गोष्टींवर आहे, आणि त्यांत पहिला नंबर रक्तदाबाचा. बाकीच्याही ओळखीच्याच: सिगारेट, मधुमेह, वाढलेली चरबी, पोटाचा घेर, बसून राहणं, आहार, दारू, मनावरचा ताण, हृदयाचे आजार.

तेव्हा घरातल्या सगळ्यांचं बीपी दोन वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटं शांत बसून मोजा. साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. आईची नाडी बघा. ठोके अनियमित लागले तर ईसीजी काढा, कारण हृदयाच्या त्या एका दोषातून गुठळ्या तयार होऊन मेंदूत जातात आणि त्यावर चांगलं औषध आहे. घरात कुणी मशेरी लावत असेल तर तिला तंबाखूच समजा. मिठाचं मला आपल्याकडे फार सांगावं लागतं. दिवसाला माणशी एक छोटा चमचा, साधारण पाच ग्रॅम, एवढं मीठ पुरे; आपल्या ताटात खर्डा, लोणचं, पापड आणि वर फरसाण घातलेली मिसळ असली की ते सकाळीच संपतं. रस्सा सोडा असं मी म्हणत नाही, पण ताटात कोरडं मीठ वाढून घ्यायची सवय तेवढी आजपासून बंद करा.

आता इंजेक्शन. इथे मला तुमच्या भावाची एक समजूत तपासून बघायची आहे. 'प्रयोगशाळेत फायदा दिसला, म्हणजे माणसाला थोडा तरी होईलच' ही ती समजूत.

उंदरांमध्ये फायदा दिसलाय, खरं आहे. मूळपेशींनी (स्टेम सेल) सोडलेल्या सूक्ष्म पुड्या म्हणजे हे एक्सोसोम. मिर-१३३बी किंवा मिर-१७-९२ असे मायक्रोआरएनए जास्त भरलेले एक्सोसोम दिल्यावर लकवा झालेले उंदीर लवकर सावरले. काही प्रयोगांत उलट, नुकसान करणारा मायक्रोआरएनए अडवल्यावर मेंदूतला मेलेला भाग लहान राहिला. पण लकव्याच्या संशोधनात उंदराकडून माणसाकडे येणारी वाट फार खडतर आहे. २००६ मध्ये एका आढाव्यात मोजलं गेलं, तेव्हा मेंदूच्या पेशी वाचवण्यासाठी तपासलेले उपाय हजारावर होते. त्यांतला दवाखान्यात रुळलेला असा एकही नव्हता. एनएक्सवाय-०५९ नावाचं औषध तर माणसावरच्या पहिल्या मोठ्या चाचणीत थोडं यशस्वी ठरलं, आणि पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, दुसऱ्या मोठ्या चाचणीत पूर्ण अपयशी.

मघाचं वाक्य आता आठवा: एक मायक्रोआरएनए शेकडो चिठ्ठ्या अडवतो. मेंदूत दुरुस्ती करणारा रेणू यकृतात किंवा रोगप्रतिकार पेशींत काय करेल ते वेगळंच. शिरेतून दिलेले एक्सोसोम बरेचसे यकृतात आणि प्लीहेत अडकतात, मेंदूपर्यंत थोडे पोचतात. कॅन्सरसाठी एमआरएक्स-३४ हे मायक्रोआरएनएचं औषध माणसांवर तपासत होते. रोगप्रतिकार यंत्रणेच्या तीव्र प्रतिक्रिया आल्या, काही रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. लकव्यावर मायक्रोआरएनएचं मान्यता मिळालेलं औषध आज जगात कुठेच नाही. आपल्या देशातलाही एक धडा आहे. भारतातल्या पाच केंद्रांत मिळून लकव्याच्या १२० रुग्णांवर, त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देण्याची चाचणी झाली. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: उपचार सुरक्षित दिसला, पण फायदा दिसला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर ठरावीक रक्ताचे वगैरे आजार सोडले तर मूळपेशींचा उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर देऊच नये असं म्हटलंय.

म्हणून सेंटरला विचारा. हा उपचार कुठल्या चाचणीचा भाग आहे, आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात तिचा नोंदणी क्रमांक काय? नीतिसमितीचं पत्र दाखवाल का? संमतीपत्र मराठीत आहे का, त्यात अपाय झाल्यास भरपाईचं काय लिहिलंय? बाटलीत नक्की काय आहे, ते कुणी बनवलं, केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी कुठे आहे? आणि पैशांचं. खऱ्या चाचणीत तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. लाखांची पावती फाडत असतील आणि वर "संशोधन चालू आहे" म्हणत असतील, तर तिथून उठा. याउलट कुणी नोंदणीकृत चाचणीत फुकट घेत असेल आणि कागद पक्के असतील, तर तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून विचार करायला माझी हरकत नाही. संशोधन अशाच रुग्णांच्या जोरावर पुढे जातं.

आपल्याकडे लकव्यावर कबुतराचं रक्त चोळायला सांगणारेही आहेत, ठरावीक गावचा झाडपाला सांगणारेही. नवं इंजेक्शन शास्त्राच्या भाषेत येतं म्हणून त्याला 'नाही' म्हणणं जड जातं. पण हानी दोन्हीकडे सारखीच होते: पैसा जातो, आणि ज्या महिन्यांत हात-पाय सुधारू शकतात ते महिने जातात.

त्या महिन्यांबद्दल बोलू. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतो आणि तुम्ही पाचव्यात आहात. पुढेही सुधारणा होते, पण हळू. मूठ उघडत नाही असं तुम्ही लिहिलंय. बहुधा अंगठा तळव्यात दुमडलाय, बोटं त्यावर आवळली आहेत, नखं तळव्यात रुतत असतील, आत घाम साचून कातडी ओली राहत असेल. ती मूठ बोटांच्या टोकांना धरून ओढू नका. आधी मनगट हळूच तळव्याच्या बाजूला वाकवा. बोटांचे ताणलेले स्नायू सैल पडतात. मग अंगठा मुळाशी धरून बाहेर घ्या, मग बोटं एकेक, मुळापासून. उघडल्यावर तळवा धुऊन कोरडा करा आणि नंतरच सावकाश मनगट सरळ करा. हे दिवसातून तीन-चार वेळा. त्यांना उठवताना उजवा हात धरून ओढू नका, खांदा निसटतो. हाताला रात्री स्प्लिंट लावायचा का, आणि आवळलेल्या स्नायूंत बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन व्यायाम करायचा का, हे डॉक्टरांना विचारा. बोटॉक्सचा परिणाम साधारण तीन महिने राहतो आणि त्यामागे पुरावा आहे. भावाला बाबांना इंजेक्शनच द्यायचं असेल तर चौकशी याची करावी.

बोलण्यासाठी वाचोपचारतज्ज्ञ गाठा. घरी एका वेळी एकच माणूस बोलू दे, टीव्ही बंद करा, आणि त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. ज्यांना "पाणी" म्हणता येत नाही अशा काही रुग्णांच्या तोंडून आरती किंवा "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं" सलग निघतं. पाठ झालेलं आणि सुरातलं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. वडिलांना जे तोंडपाठ असेल त्यानं रोजच्या सरावाची सुरुवात करा.

दुसरा झटका टाळणं हे यापेक्षाही मोठं काम. लकवा झालेल्या दर चार रुग्णांत साधारण एकाला तो आधीही येऊन गेलेला असतो. गुठळी पुन्हा होऊ नये म्हणून दिलेली गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी, यांतली एकही "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नका. मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी आणि हृदयाची तपासणी झाली होती का, ते फाइल उघडून बघा. नसेल तर पुढच्या भेटीत पहिलं हेच विचारा. ते गप्प गप्प असतील, जेवत नसतील, उगाच रडू येत असेल तर तेही सांगा. लकव्यानंतर तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्यावर उपचार आहेत, आणि उपचारानं व्यायामातही मन लागतं.

पत्र वाचणाऱ्या इतर घरांसाठी थोडं. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतं, अचानक तोल जातो किंवा दिसेनासं होतं: यांतलं एक जरी दिसलं तरी १०८ लावा नाहीतर मिळेल ती गाडी काढा. तेल नाही, पाणी नाही, घास नाही. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. घरातली अॅस्पिरिनही देऊ नका, स्कॅनआधी रक्तस्राव आहे की नाही ते कुणालाच माहीत नसतं. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनसाठी साडेचार तास असतात आणि त्यांत रस्ता, स्कॅन, सगळं आलं. मोठी नस बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. पण उशीर झाला म्हणून घरीही थांबू नका: मोठ्या नसेतली गुठळी तारेनं ओढून काढण्याची सोय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत उपयोगी पडते, हे २०१८ मध्ये दोन चाचण्यांनी दाखवलं, आणि झोपेतून उठल्यावर लकवा लक्षात आला तर एमआरआय बघून कधीकधी इंजेक्शनही देता येतं.

आपल्या भागात रात्री सीटी कुठे चालू असतं, हे इंजेक्शन कुठे देतात, ते आजच चौकशी करून दारामागे लिहून ठेवा. कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय असो की खासगी, फोन करून खात्री करा. गगनबावड्याच्या माणसाला कोल्हापूरच गाठावं लागेल, पण चंदगडकरांना बेळगाव जवळ पडतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठलं रुग्णालय आहे तेही त्याच कागदावर लिहा.

राहिला तुमचा भाऊ. तो त्या रात्री पुण्यात होता. तुम्ही निदान शेजारी बसून तेल चोळत होतात. त्याला सकाळी फोन गेला. लाखांचं इंजेक्शन हा त्याचा त्या रात्री पोचण्याचा प्रयत्न आहे, असं मला वाटतं. म्हणून त्याला नुसतं 'नाही' म्हणू नका, काम द्या. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा आणि वाचोपचाराचा महिन्याचा खर्च त्यानं उचलावा. त्याच्या कमाईतून तो निघेल आणि आईची एफडी जागेवर राहील. रोज संध्याकाळी व्यायामाच्या वेळी त्यानं व्हिडिओ कॉलवर बसावं, बाबांची मोजणी त्यानं करावी. फोनवर असं म्हणून बघा: "तू वाचलंस ते खरं आहे, पण ते अजून उंदरापर्यंतच पोचलंय. वरचे प्रश्न तू स्वतः सेंटरला विचार, उत्तरं लेखी घे, आणि पुढच्या तपासणीला ये. डॉक्टरांसमोर दोघं मिळून ठरवू." तुम्ही एकटीनं निकाल द्यायची गरज नाही. आई म्हणेल "मोडा एफडी". तिला सांगा की दुसरा झटका आला, पडून हाड मोडलं, तर हेच पैसे लागतील.

आणि तुमच्या अख्ख्या पत्रात एका माणसाचं मत मला सापडलं नाही. आई काय म्हणते, भाऊ काय म्हणतो, तुम्हाला काय वाटतं, सगळं आहे. बाबांना काय हवंय ते नाही. त्यांचे शब्द अडतात, पण ऐकलेलं समजत असेल तर त्यांना विचारता येतं. दुपारी जेवणानंतर, थकलेले नसताना बसा. एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा: "सेंटरला जायचं?" डाव्या हाताचा अंगठा वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. थोड्या वेळानं तोच प्रश्न उलटा करून विचारा, "घरीच व्यायाम करू?", म्हणजे उत्तर पक्कं आहे का ते कळेल. खर्च किती आणि खात्री किती, तेही त्यांना साध्या शब्दांत सांगा. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हिशोब कळतो. भाऊ येईल त्या रविवारी हे करा, तो समोर बसलेला असताना.